रात्री जागं कोण असतं? : तासगाव तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

सांगलीतल्या एका मेमरी क्लिनिकमधलं हे प्रकरण आहे. तिथे मी स्मृतीच्या चाचण्या घेते, घरच्यांशी बोलते आणि नोंदी ठेवते. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. आमच्या डॉक्टरांच्या कामाची दिशा ज्या काही घरांमुळे ठरली, त्यांतलं हे एक घर, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

पार्श्वभूमी

आधी डॉक्टरांबद्दल. एमबीबीएस मिरजेला, मग मेडिसिनचं एमडी, मग न्यूरॉलॉजीचं डीएम बंगळुरूला. पुढे काही वर्षं एका महानगरातल्या संशोधन गटात त्यांनी डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, काम केलं. तिथे चांगली एमआरआय मशीन होती, चाचण्या घ्यायला स्वतंत्र माणसं होती, शोधनिबंध निघत होते. तिथेच राहिले असते तर नाव मोठं झालं असतं. पण त्या गटात येणारे बहुतेक रुग्ण निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, बँकेतले लोक. तासगाव, जत, कवठेमहांकाळच्या माणसाला विसर पडायला लागला तर तो तिथवर पोचतच नव्हता. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आला. त्याच अभ्यासात शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण जास्त दिसलं. डॉक्टर हे आकडे येण्याच्या बरेच आधी सांगलीला परतले होते.

परतल्यावर ओपीडी भरली ती लकव्याच्या आणि फिट्सच्या रुग्णांनी. डिमेन्शियाचा रुग्ण क्वचित यायचा, आणि यायचा तोही शेवटी, अंथरुणाला खिळल्यावर. एरवी एका रुग्णाला मिळायची ती आठ-दहा मिनिटं. तेवढ्यात विसराळूपणाचा शोध लागत नाही. म्हणून त्यांनी गुरुवारची दुपार फक्त स्मृतीच्या तक्रारींसाठी राखून ठेवली आणि प्रत्येक घराला पाऊण तास द्यायचं ठरवलं. त्या दुपारी उत्पन्न निम्म्याहून कमी होतं. तरी ती दुपार त्यांनी आजवर मोडलेली नाही, आणि मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी.

आता घराबद्दल. आप्पा ७१ वर्षांचे, शिक्षण चौथीपर्यंत. चार एकर द्राक्षबाग आणि घरचं बेदाणा शेड. पत्नी वारलेल्या. थोरला मुलगा बाग बघतो, धाकटा पुण्यात नोकरीला. थोरल्याची बायको, जिला मी इथे वहिनी म्हणते, तिच्याकडे घर, दोन म्हशी, दोन मुलं आणि आप्पा.

आप्पांची ख्याती हिशेबाची. बेदाण्याच्या सौद्यात भाव फुटला की पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात पडायच्या आधी ते रक्कम तोंडानं सांगायचे. मजुरांची उचल, औषध दुकानाची उधारी, कुणाकडून किती कॅरेट यायचेत, सगळं डोक्यात.

समस्या

२०२२ च्या ऑक्टोबर छाटणीला आप्पांनी एका मजुराला तीच उचल दोनदा दिली. फवारणीच्या टाकीत औषधाचं माप चुकलं. पण दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा लख्ख, जुन्या व्यवहाराचा पैसा न पैसा सांगणारा. त्यामुळे घरात कुणाला आजाराची शंका आली नाही. चालणं मंदावलं, पाय घसटत पडू लागले, तेही वयावर गेलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बेदाण्याचा हंगाम सुरू झाला. शेडमध्ये रॅकवर द्राक्षं पसरलेली, बाजूनं हिरवी जाळी. संध्याकाळी आप्पा जाळीपाशी उभे राहून ओरडायचे, "उतरा रं खाली, माल चेंगरंल!" रॅकवर लहान पोरं बसलेली त्यांना दिसायची. पोरं काही बोलायची नाहीत, नुसती बसून राहायची. गावात "बाहेरचं काहीतरी असंल" अशी कुजबूज झाली. देवऋषी झाला, अंगारा झाला, शेडच्या दाराला लिंबू बांधून झालं. मी यासाठी घरच्यांना नावं ठेवणार नाही. ज्या माणसाला पोरं स्पष्ट दिसतात, त्यांच्या अंगातला सदरासुद्धा सांगता येतो, त्याच्यासाठी कुठेतरी धाव घ्यायलाच हवी होती, आणि ती धाव जवळच्या ठिकाणीच जाणार होती.

मार्चच्या एका रात्री आप्पा चोर समजून काठी घेऊन उठले. नातू थोडक्यात वाचला. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे भास दाबणाऱ्या हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं गेलं आणि पुढे त्याच गोळ्या, जोडीला त्यानं येणारा ताठरपणा टाळायला ट्रायहेक्सीफेनिडिल. तिसऱ्या दिवशी आप्पांना उठून बसता येईना. अंग लाकडासारखं ताठ, तोंडातून लाळ, पाणी पाजलं तर ठसका. चौथ्या दिवशी जीपच्या मागच्या सीटवर आडवं घालून त्यांना सांगलीला आणलं. केसपेपर नव्हता. वहिनीच्या पिशवीत गोळ्यांच्या दोन अर्धवट पट्ट्या होत्या, तेवढाच कागदोपत्री पुरावा.

निदान: प्रश्न कुणाला विचारायचा

थोरल्यानं सांगितलेली हकिगत अशी होती: वर्षभर विसर पडतोय, महिन्यापासून भास होतात, इंजेक्शननंतर अंग धरलं. एवढ्यावरून डोक्यात तीन-चार शक्यता येतात. अल्झायमर असू शकतो. डोक्याला मार लागून कवटीखाली हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. सोडियम घसरलेलं, थायरॉइड किंवा बी-१२ कमी पडलेलं असू शकतं. तापासह ताठरपणा असेल तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, म्हणजे अशा औषधांची घातक प्रतिक्रिया, ही जिवावरची गोष्ट आधी बघावी लागते.

डॉक्टरांनी थोरल्याला विचारलं, "रात्री आप्पांच्या जवळ कोण झोपतं?"

थोरला थांबला. "मी बागंत असतो, डॉक्टरसाहेब. शेतीची लाईट रातची असती. पाणी धरायला जावं लागतंय."

वहिनी तेव्हा खोलीत नव्हती. बाहेर बाकड्यापाशी पिशवी छातीशी धरून उभी होती. आमच्याकडे बायका बहुतेक वेळा तिथेच असतात, आत बोलायला पुरुष येतो. डॉक्टर स्वतः उठून बाहेर गेले. "वहिनी, आत या. बसा. मला तुमच्याकडनं ऐकायचंय."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा झोपंत लाथा झाडत्यात. वरडत्यात. कुनाशी तरी मारामारी चाललीया असं."

"कधीपासून?"

"मी लग्न हुऊन आले तवापास्नं. आत्याबाईंनी तर पलंगच येगळा केला हुता. एकदा त्यास्नी डोळ्यावर बुक्की लागली हुती झोपंत."

तिच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. म्हणजे पहिली चूक हिशेबात पकडली गेली त्याच्या किमान आठ वर्षं आधी आजाराची पहिली खूण त्या घरात होती. ती सासू आणि सून या दोन बायकांना माहीत होती आणि एकाही पुरुषाला नव्हती. पुढे तिनंच सांगितलं की आप्पांना फोडणी करपल्याचा वास कळत नाही, उठताना डोळ्यापुढे अंधारी येते, आणि "एक दिस चांगला, एक दिस भरमिष्टावानी" असं चालतं.

स्वप्नात जे चाललंय ते हातापायांनी करणं, ज्याला डॉक्टर आरईएम (स्वप्नांच्या) झोपेतला वर्तनदोष म्हणतात, ते लेवी बॉडी डिमेन्शियाचं, म्हणजे मेंदूच्या पेशींत प्रथिनाचे गोळे साचून होणाऱ्या आजाराचं, एक प्रमुख लक्षण. निरोगी माणसाचे स्नायू स्वप्नावेळी सैल पडलेले असतात. मेंदूच्या बुंध्यातली ती यंत्रणा बिघडली की स्वप्न अंगात उतरतं. बाकीची प्रमुख लक्षणं तीन: सावधपणात होणारे चढउतार, पुन्हा पुन्हा स्पष्ट दिसणारे भास, आणि पार्किन्सनसारखी मंद, ताठर हालचाल. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार यांतली दोन असली तर निदान जवळपास पक्कं धरतात. आप्पांत चारही होती. ताठरपणा औषधामुळे वाढलेला असला तरी पाय घसटणं आधीचंच होतं.

फ्रेडरिक लेवी यांनी मेंदूच्या पेशींतले हे गोळे १९१२ मध्ये वर्णन केले. ते मुख्यतः अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाचे असतात हे कळायला १९९७ उजाडलं. भासांवर दिली जाणारी हॅलोपेरिडॉलसारखी औषधं या रुग्णांना घातक ठरतात, हा इशारा १९९२ मध्येच ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी दिला होता. ज्यांना ती दिली जातात त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तीव्र त्रास होतो. ही औषधं मेंदूत निरोप पोचवणाऱ्या डोपामिन या रसायनाचा मार्ग अडवतात, आणि या आजारात डोपामिन आधीच तुटपुंजं झालेलं असतं. ट्रायहेक्सीफेनिडिल अॅसिटिलकोलिन या अशाच दुसऱ्या रसायनाला अडवतं, आणि तेही या रुग्णांत कमीच असतं. म्हणजे आप्पांना दोन्हीकडून फटका बसला होता. ते औषध देणाऱ्याला समोर फक्त काठी घेतलेला म्हातारा दिसला असणार. रात्रीच्या लाथांबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

पहिला निर्णय: लगेच काय करायचं

पर्याय असे होते. एक, ताठरपणा घालवायला लगेच लेवोडोपा, म्हणजे डोपामिन वाढवणारं औषध, सुरू करणं. त्यानं हालचाल सुधारते, पण भास भडकू शकतात. दोन, भासांसाठी दुसरं, सौम्य औषध देणं. तीन, दोन्ही गोळ्या बंद करून, पाणी-अन्न आणि फुप्फुसं सांभाळून वाट बघणं.

डॉक्टरांनी तिसरा पर्याय निवडला. घरच्यांना तो पटायला जड गेला. जीपचं भाडं भरून एवढ्या लांब आणलं आणि डॉक्टर औषध बंद करतो, याचा थोरल्याला राग आला होता आणि त्यानं तो बोलून दाखवला. डॉक्टरांनी पट्ट्या हातात घेऊन कोणतं औषध काय करतं ते त्याला सावकाश समजावलं.

ताप नव्हता, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) किंचित वाढलेलं, म्हणजे ती जिवावरची शक्यता मागे पडली. सोडियम ठीक होतं, थायरॉइड ठीक होतं. बी-१२ कमी निघालं आणि त्याची इंजेक्शनं सुरू झाली. एमआरआयमध्ये रक्त साचलेलं नव्हतं आणि स्मृतीशी निगडित भाग वयाच्या मानानं बऱ्यापैकी शाबूत होता, जे लेवी बॉडीशी जुळतं. डोपामिनचा मार्ग दाखवणारा स्कॅन मोठ्या शहरात होतो. तो करायचा का, यावर चर्चा झाली. खर्च आणि प्रवास बघता त्यानं उपचारात फरक पडणार नव्हता, म्हणून तो टाळला. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

नाकातून नळी घातली. नवव्या दिवशी आप्पांनी चमच्यानं ताक गिळलं. तीन आठवड्यांनी आधार देऊन बसू लागले.

दुसरा निर्णय: चाचणी कशी घ्यायची

आप्पा बोलते झाल्यावर चाचणी माझ्याकडे आली. सगळीकडे वापरली जाणारी तीस गुणांची एमएमएसई ही चाचणी १९७५ ची, शिकलेल्या माणसांसाठी बेतलेली. कागदावरचं वाक्य वाचा, एक वाक्य लिहा, शंभरातून सात वजा करत जा. चौथी शिकलेल्या माणसाचे गुण तिथे शिक्षणामुळेच कमी होतात. हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षर ज्येष्ठांसाठी तिची हिंदी आवृत्ती तयार झाली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. आम्ही त्याच विचारानं आमच्या भागापुरते बदल करून घेतले आहेत.

मी आप्पांना महिना विचारला. त्यांनी मलाच विचारलं, "खरड छाटणी झाली का?" एप्रिल सुरू होता. द्राक्षाची ही उन्हाळी छाटणी व्हायची होती. मी नाही म्हणताच ते म्हणाले, "मग चैत्र चालू असंल." बरोबर. आठवड्याचे वार उलटे म्हणताना मात्र शुक्रवारपाशी अडकले आणि तिथेच घोटाळत राहिले. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढताना दोन वेगळ्या, तुटक रेघोट्या उमटल्या. तीन शब्द थोड्या वेळानं विचारले तर दोन आठवले, तिसरा सूचना दिल्यावर आला. अल्झायमरमध्ये बहुधा याच्या उलट चित्र दिसतं, आठवण आधी जाते आणि आकृती बराच काळ टिकते.

शेवटी मी पट्टी दिली. अमुक किलो बेदाणा, अमुक भाव, हमाली-तोलाई वजा. आप्पांनी रक्कम सांगितली आणि ती चुकली. त्यांना स्वतःलाच ते कळलं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि थोरल्याकडे बघितलं नाही.

तिसरा निर्णय: आप्पांना सांगायचं का

धाकटा पुण्याहून आला होता. त्याचं म्हणणं, वडिलांना काही सांगू नका, खचतील. हा आग्रह आमच्याकडे बहुतेक घरं धरतात आणि त्यामागे माया असते. डॉक्टरांनी दोघा भावांना एकच विचारलं: पोरं दिसतात तेव्हा आप्पांना काय वाटत असेल? मुलांकडे उत्तर नव्हतं. वहिनी म्हणाली, "त्यास्नी वाटतं आपल्याला याड लागलंय. मला इचारत्यात, तुला दिसत्यात का गं."

मग डॉक्टर आप्पांपाशी बसले. "आप्पा, पोरं तुम्हाला दिसतात हे खरं आहे. तुम्ही खोटं बोलत नाही. पण ती तिथं नसतात. डोळे जे पाठवतात ते मेंदू नीट जुळवत नाही, हा एक आजार आहे. त्याला नाव आहे, औषध आहे. बरा होत नाही, पण त्रास कमी होतो."

आप्पांनी विचारलं, "म्हंजी भानामती न्हाय?"

"नाही."

"मग लिंबू काढून टाका म्हणावं."

औषध आणि घरातले बदल

ईसीजी बघून रिव्हास्टिग्मिन, म्हणजे मेंदूतलं अॅसिटिलकोलिन टिकवणारं औषध, सुरू केलं, आधी दीड मिलिग्रॅमची कॅप्सूल दोन वेळा जेवणासोबत. मळमळ झाली, भाकरी निम्म्यावर आली. म्हणून पॅचवर आणलं, चोवीस तासांना ४.६ मिलिग्रॅमचा. तो महाग पडतो. शिवाय मे महिन्यात तासगावच्या उन्हात घामानं पॅच सुटायचा. वहिनीनं उपाय काढला: पहाटे आंघोळ, पाठ कोरडी पुसून पॅच, वरून कापडी बनियन. जुना पॅच काढल्याशिवाय नवा लावायचा नाही हे आम्ही तीन-तीनदा सांगतो, कारण दोन एकदम राहिले तर नाडी मंदावू शकते. ती काढलेला पॅच कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीवरच चिकटवायची. मी ही युक्ती आता सगळ्या घरांना सांगते.

झोपेतल्या लाथांसाठी मेलाटोनिन. क्लोनाझेपाम टाळलं, कारण त्यानं गुंगी येऊन पडण्याचा धोका वाढतो. पुढे अगदी कमी लेवोडोपा दिलं. घरात संध्याकाळी दिवे लवकर लावायचे, दोरीवरचे कपडे काढायचे, पलंग जमिनीलगत, काठी आणि विळा-कोयता कुलपात. भास दिसले तर वाद घालायचा नाही आणि होकारही द्यायचा नाही. "मला दिसत नाहीत, पण मी इथं आहे" एवढंच म्हणायचं.

जून २०२३ पर्यंत पोरं दिसणं आठवड्यातून एकदोनदा इतकं कमी झालं. आप्पा अंगणात काठीशिवाय चालू लागले.

त्या जुलैत अमेरिकेत अल्झायमरच्या लेकानेमॅबला पूर्ण मान्यता मिळाल्याची बातमी आली आणि धाकट्याचा फोन आला: ते परदेशी इंजेक्शन मिळेल का, लागेल तो खर्च करतो. ते औषध अमायलॉइड या प्रथिनावर काम करतं, तेही अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यात, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची जोखीम असल्यानं वारंवार एमआरआय लागतात. आप्पांच्या आजाराचं मूळ वेगळं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं आणि पुढे म्हणाले, "खर्च करायचाच असेल तर महिन्यातून दोन शनिवार-रविवार इथं येऊन राहा. वहिनींना तेवढी झोप मिळेल." तो यायला लागला. या एका गोष्टीनं त्या घरात जितका फरक पडला तितका कोणत्याही औषधानं पडलेला मी पाहिला नाही.

चौथा निर्णय: सही

ही बाजू आमच्या क्षेत्रात फार कमी लिहिली जाते, म्हणून जरा थांबून सांगते.

सातबारा आप्पांच्या नावावर. जुनं पीककर्ज थोरल्यानं वेळेत फेडलं होतं. सोसायटीचं नवं कर्ज उचलायला आप्पांची सही हवी होती. त्याच सुमारास धाकट्यानं सुचवलं की वडिलांकडून मुखत्यारपत्र करून घेऊ, आणि त्यासाठी डॉक्टरांनी "मानसिकदृष्ट्या सक्षम" असा दाखला द्यावा. हेतू वाईट नव्हता. पण हे सगळं सुरुवातीच्या दिवसांतलं, आप्पा तेव्हा नळीवर होते.

दाखला दिला तर तो खोटा ठरणार होता. कायमचे अक्षम असं लिहून दिलं तर सगळे व्यवहार अडकणार होते, कारण डिमेन्शिया झालेल्या प्रौढाला पालक नेमायची सोपी कायदेशीर वाट आपल्याकडे नाही, बरीच कुटुंबं त्यासाठी उच्च न्यायालयात जातात. मुखत्यारपत्राचीही अडचण होती. १८७२ च्या करार कायद्यानुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की तो अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी ते करून ठेवायचं, नेमका तो दिवस आला की ते कामाचं राहत नाही.

डॉक्टरांनी दोन्ही कागदांना नकार दिला आणि थांबायला सांगितलं. लेवी बॉडीत चांगले दिवस असतात आणि क्षमता ही त्या त्या निर्णयापुरती तपासायची असते. मेच्या अखेरीस वहिनीनं सलग काही दिवस सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवली. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ सगळ्यात चांगली निघाली. अशा एका सकाळी मी आणि डॉक्टरांनी आप्पांशी मुलं खोलीत नसताना बोलणं केलं. जमीन किती, कुणाच्या नावावर, कुणाला काय द्यावंसं वाटतं, का, आणि नाही दिलं तर काय होईल. आप्पांनी सगळ्याची उत्तरं दिली. दुपारी पुन्हा विचारलं, तीच उत्तरं आली. त्यानंतर त्यांनी वकिलाकडून मृत्युपत्र करून दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं. १९२५ च्या वारसा कायद्यानुसार मन स्थिर असलेल्या काळात केलेलं मृत्युपत्र चालतं. त्या दिवसाचा आमचा लेखी तपासणी अहवाल सोबत जोडला. सोसायटीची सहीही त्याच आठवड्यात झाली.

याची किंमत थोरल्यानं मोजली. कर्ज दोन महिने लांबलं आणि खरड छाटणीचा खर्च त्यानं हातउसने पैसे घेऊन भागवला.

मृत्युपत्रात शेवटी काय लिहिलं गेलं ते आम्ही पाहिलेलं नाही. एवढं मात्र कळलं की एक म्हैस आणि तिचं वासरू आप्पांनी सुनेच्या नावानं लिहिलं, कारण ते त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं.

संशोधनाला मिळालेलं वळण

डॉक्टरांना तेव्हा जुन्या गटाकडून पुन्हा बोलावणं होतं, मोठ्या प्रकल्पावर. ते गेले नाहीत. त्यांनी इथेच एक साधा अभ्यास सुरू केला: स्मृतीची तक्रार दिसायच्या किती वर्षं आधी झोपेतल्या लाथा सुरू झाल्या, आणि ते घरात कुणाला माहीत होतं. नीतिशास्त्र समितीची मान्यता घेतली. रुग्णाची संमती घेताना तो समजण्याच्या स्थितीत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची घेतो, आणि रुग्णानं मान हलवून नकार दिला तर प्रतिनिधीनं हो म्हटलं तरी त्याला सोडतो. अभ्यासाचा निष्कर्ष अजून यायचा आहे, म्हणून आकडे देत नाही. पण क्लिनिकची पद्धत आधीच बदलली आहे. आता प्रत्येक घरात रात्री जवळ झोपणाऱ्या माणसाशी वेगळं बोलल्याशिवाय केसपेपर पूर्ण होत नाही. ती सून असते, बायको असते, कधी कामाला ठेवलेली बाई असते. ती आली नसेल तर आम्ही फोन लावतो.

निष्पत्ती

सुमारे दीड वर्ष आप्पा घरात हिंडते-फिरते होते. ऑगस्ट २०२४ मध्ये लघवीच्या संसर्गानं ताप आला आणि एका रात्रीत भास पुन्हा उसळले. या वेळी सदऱ्याच्या खिशात आम्ही दिलेलं कार्ड होतं. त्यावर मराठीत आजाराचं नाव, चालू औषधं, आणि ठळक अक्षरांत: हॅलोपेरिडॉल व तत्सम औषधं देऊ नयेत. १०८ च्या गाडीतल्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि फोन केला. अँटिबायोटिक सुरू झालं, ते घातक औषध टळलं, आठवड्याभरात आप्पा सावरले. पण त्यानंतर गिळणं बिघडत गेलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यूमोनियानं ते घरीच गेले. नळी पुन्हा नको, हे त्यांनी आधीच्या एका चांगल्या सकाळी सांगितलं होतं आणि दोन्ही मुलांनी ते पाळलं.

वेगळं काय करता आलं असतं

आप्पांची ऐकण्याची तपासणी फार उशिरा झाली. एका कानाला मशीन बसवल्यावर त्यांचा गोंधळ कमी झाला. ते पहिल्या महिन्यातच व्हायला हवं होतं. चष्म्याचंही तेच, कारण नजर अधू असली की भासांना फावतं.

वहिनीची स्वतःची तपासणी कुणी केली नाही. वर्षभरानं चक्कर येऊन पडल्यावर हिमोग्लोबिन सात निघालं. आता घरी सांभाळणाऱ्याचं वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन आम्ही रुग्णाच्याच भेटीत बघतो.

आसपासच्या दवाखान्यांशी संपर्क आधी हवा होता. कार्डाचा नमुना घेऊन डॉक्टर नंतर तालुक्यातल्या डॉक्टरांच्या बैठकांना गेले. हॅलोपेरिडॉल देणारे डॉक्टरही तिथे होते. त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि पन्नास कार्डं मागून घेतली.

शेवटचा मुद्दा मेंदूदानाचा. लेवी बॉडीचं निदान पूर्ण खात्रीनं होतं ते मेंदूचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत मेंदूपेढी आहे. सांगलीपासून ते अंतर सहाशे किलोमीटरांच्या आसपास, आणि दान काही तासांत व्हावं लागतं. आप्पा गेले त्या सकाळी डॉक्टरांनी हा विषय थोरल्याकडे काढला नाही. दिवसकार्य झाल्यावर काढला. थोरला म्हणाला, "आप्पांनाच इचारायला पायजे हुतं. सकाळच्या टायमाला. त्यांनी हो म्हटलं असतं तर आमी कसंबी केलं असतं."

हा प्रश्न आता आमच्या पहिल्या वर्षाच्या तपासणीत आहे, जमिनीच्या आणि नळीच्या प्रश्नासोबत, रुग्णाच्या चांगल्या वेळेला विचारायचा म्हणून. आतापर्यंत विचारलेल्यांपैकी काहींनी नाही म्हटलं, काहींनी विचार करून सांगतो म्हटलं, आणि पलूसच्या एका निवृत्त कंडक्टरनी लगेच होकार देऊन, मेंदू बंगळुरूला पोचवायची सोय कशी करणार ते आधी सांगा, असं डॉक्टरांनाच विचारलं. त्या सोयीसाठी सध्या पत्रव्यवहार चालू आहे.